परत आलेली दहाची नोट

कल्याणशी माझी ओळख कोथिंबिरीने करून दिली. आमचं गाव ओतूर आणि आळेफाटा यांच्या मधलं, हमरस्त्यापासून थोडं आत. दिवसभर कोथिंबीर उपटून जुड्या बांधायच्या, अंधार पडला की टेम्पोत भरायच्या, माळशेज घाट उतरायचा आणि मध्यरात्री कल्याणच्या मार्केटात माल लावायचा, असं मी वीस-बावीस वर्षं केलं. आता गुडघे साथ देत नाहीत. माल धाकटा घेऊन जातो. मी कल्याणवरून पुढं जातो तो थोरल्याकडं, डोंबिवलीला. तो तिथंच नोकरीला आहे, तिथंच त्याचा संसार.

मागच्या दिवाळीनंतर आमच्या मंडळींचा मोतीबिंदू दाखवायला म्हणून आम्ही दोघं गेलो. डॉक्टर ठाण्याला. त्यामुळं चार दिवसांत लोकलने दोन-तीन खेपा झाल्या. पहिल्या दिवशी सकाळी पोरानं सांगितलं, "दादा, आपल्या देशातली पहिली प्रवाशांची गाडी याच लायनीवर धावली, बोरीबंदर ते ठाणं. १६ एप्रिल १८५३." मी म्हटलं, "तेव्हा तरी बसायला जागा मिळाली का रे?" तो हसला. आम्ही दोघं दरवाजापासून तीन माणसं आत अडकून उभे होतो.

त्याच डब्यात भजन चाललं होतं. टाळ, ढोलकी, आणि ऑफिसला निघालेली पाच-सहा माणसं. शर्ट इस्त्रीचे, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, पाठीवरच्या बॅगा पुढं घेतलेल्या, आणि त्या गर्दीत चक्की म्हणावी असा अभंग. ठाणं आलं तसे आम्ही उतरलो, ते पुढं गेले. त्यांना कोणी पैसे दिले नाहीत आणि कोणी दिले असते तर त्यांना राग आला असता. टाळ त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतलेले.

दुपारी परत येताना दुसरं गाणं ऐकलं. एक आंधळा माणूस, छातीशी बांधलेला छोटा स्पीकर, हातात माईक. जुनी सिनेमाची गाणी म्हणत गर्दीतून वाट काढत होता. गळा चांगला होता. आमच्या मंडळींनी कनवटीची दहाची नोट काढून त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती बोटांनी चाचपली, कपाळाला लावली आणि गाणं न तोडता पुढं गेला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याने गायलं, आम्ही दिलं. मार्केटात असंच चालतं.

तिसऱ्या दिवशी मी एकटाच गावाला निघालो. मंडळींचं ऑपरेशन ठरलं होतं, त्या सुनेजवळ राहिल्या. माझा जीव कांद्याच्या रोपात अडकला होता. थोरला मला कल्याणच्या एस.टी. स्टँडवर सोडायला आला. संध्याकाळची वेळ. स्टेशनातून पश्चिमेला स्कायवॉकवर आलो तर माणसांचा लोंढा. त्या सगळ्या आवाजात एक वेगळाच आवाज कानाला लागला. आग्या मोहळाच्या जवळ गेल्यावर येतो तसा घुमणारा, आणि त्या घुमण्यावर चढउतार करणारा एक सूर. कुठं खंड नाही, दम घ्यायला थांबणं नाही.

कठड्याला टेकून एक माणूस बसला होता. पन्नाशीचा असेल. अंगात मळका सदरा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. त्याच्या तोंडाला लांब वाळलेला दुधी भोपळा, भोपळ्याला खाली दोन नळ्या, आणि त्यांच्या पुढं ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला कर्णा, चांगला हातभर लांब. शेजारी दोन फावडी, घमेली, प्लास्टिकच्या गोणीत भरलेला संसार, तीन बाया, दोन पोरं आणि एक कोंबडी, पाय बांधलेली.

पोरगा म्हणाला, "हे काय वाजवतोय?"

"तारपा," मी म्हटलं. मी तो ओळखला. कसा ओळखला ते पुढं सांगतो, कारण ते सांगायला मला थोडी तयारी लागणार आहे.

त्या माणसाच्या पुढ्यात जमिनीवर नाणी पडली होती. रुपयाची, दोनाची, पाचाची. जाणाऱ्यांनी न थांबता टाकलेली. मीही तेच केलं. थोडा थांबलो एवढंच. खिशातून दहाची नोट काढली, वाकलो आणि त्याच्या गुडघ्याजवळ ठेवली. त्याने वाजवणं थांबवलं. नोट उचलली, झटकली आणि माझ्यापुढं धरली.

"शेठ, पडली तुमची."

"पडली नाही. तुला दिली."

"कशापायी?"

"वाजवलंस म्हणून."

तो जरा गोंधळला. बायांकडं पाहिलं. एक बाई पदर तोंडाला लावून हसली. मग तो म्हणाला, "ते आमचं आमी वाजवतो. भात झोडलं नि निघालो, वाजवायचा ऱ्हायला होता." आणि माझ्या धोतराकडं, पायातल्या वहाणांकडं बघून त्याने विचारलं, "काम हाय का?"

मी नोट घेतली. दुसरं काय करणार? त्याने हाताच्या कडेनं ती नाणी गोळा केली आणि कठड्याच्या बुडाशी सरकवून ठेवली, कोणाच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून. स्वतःकडं घेतली नाहीत. खालून कोणीतरी शिट्टी मारली. त्यांच्या मुकादमाचा टेम्पो आला असावा. माणसाने तारपा फडक्यात गुंडाळला, बायांनी घमेली डोक्यावर घेतली, आणि दोन मिनिटांत तिथं ती नाणी तेवढी राहिली.

स्टँडवर बाकड्यावर बसल्यावर पोरानं विषय काढला. "दादा, त्याने घ्यायला पाहिजे होती. दहा रुपयांत पोराला बिस्किटचा पुडा आला असता. नुसत्या मानानं पोट भरतं का?"

त्याचं म्हणणं मी उडवून लावलं नाही. त्याच्यात तथ्य आहे. घरी पोर उपाशी असताना नोट परत करणं हा तोरा आहे, असं कोणी म्हणेल. पण मी पाहिलं, त्या माणसाच्या तोंडावर तोरा नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं की मी पैसे कशाचे देतोय. माझ्या शेतात मी पेरलेलं उभं असताना कोणी वाटसरू आला आणि 'पीक बघून बरं वाटलं' म्हणून माझ्या हातावर दहा रुपये ठेवले, तर मीही म्हणेन, पडली तुमची.

बस मुरबाड सोडून घाटाला लागली, तेव्हा मला आबा आठवले. आबा म्हणजे माझे वडील. १९७२ चा दुष्काळ. मी तेरा वर्षांचा. विहिरींचे तळ दिसत होते. आबा आणि आई खडी फोडायच्या कामावर जात. आम्ही पोरं सुकडी खायला रांगेत उभे राहायचो, घरी लाल मिलोच्या भाकरी. एकदा शहरातून कोणी भले लोक धान्य घेऊन आले. चावडीपुढं पोती उतरवली. आबा गेले नाहीत. आई म्हणाली, "अहो, पोरं हायेत घरात." आबा म्हणाले, "माझे हात काय मोडले का? खडी फोडतोय ना?" तेव्हा मला आबांचा राग आला होता. आज येत नाही, पण पूर्ण पटलंय असंही नाही. भुकेपुढं एवढं ताठ राहावं का, हा प्रश्न मी अजून सोडवू शकलेलो नाही.

पण एक गोष्ट नंतर कळली. आबा एकटेच तसे नव्हते. गावोगावी माणसं हेच म्हणत होती: फुकट नको, काम द्या. पुढं वि. स. पागे यांच्या धडपडीतून महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. १९७७ साली तो झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम. देशाचा तसा कायदा यायला २००५ उजाडलं. म्हणजे भीक आणि मजुरी यांच्यातली रेघ आमच्या अडाणी बापांनी हातोड्याने खडीवर मारली, आणि सरकारने ती नंतर कागदावर उतरवली.

दुसरा एक कायदाही आहे. तो एका वकील पाहुण्याने मला सांगितला. १९५९ चा, मुंबईचा भीक प्रतिबंधक कायदा. त्यात सार्वजनिक ठिकाणी दान मागणं किंवा घेणं म्हणजे भीक, मग ते गाणं म्हणण्याच्या, नाचण्याच्या, भविष्य सांगण्याच्या किंवा खेळ करून दाखवण्याच्या निमित्ताने असलं तरी. २०१८ मध्ये दिल्लीच्या हायकोर्टाने तिथल्यापुरती याची बरीच कलमं रद्द केली. मी पाहुण्याला विचारलं, "मग आमच्या वासुदेवाचं काय?" तो म्हणाला, "कायद्याने बघितलं तर तोही त्यातच."

आमच्या वासुदेवाची गोष्ट सांगतो. डोक्यावर मोरपिसांची टोपी, हातात चिपळ्या. सुगी झाली की पहाटे दारात येई. आई सुपात धान्य घेऊन बाहेर येई आणि तो गाई. ती भीक नव्हती. खळ्यावरच्या धान्यात सुताराचा, लोहाराचा वाटा असायचा तसा त्याचा वाटा. आमचं पीक आलं यात त्याच्या गाण्याचाही काही हात आहे, असं धरलेलं. ७२ साली तो आला तेव्हा आई रिकाम्या हाताने दारात उभी राहिली. म्हणाली, "बाबा, औंदा सूप रिकामं हाय. नको गाऊस." तो म्हणाला, "माय, रिकाम्या घरालाच नाव घ्यायची गरज. पुढल्या सालाला दे." आणि तो गायला. त्र्याहत्तरला पाऊस चांगला झाला. सुगीला तो आला तेव्हा आईनं दोन सुपं ओतली. एक त्या सालचं, एक उधारीचं.

दुष्काळात आम्हाला उधार देणारा तो एकच माणूस निघाला. सावकाराने दिलं नाही, दुकानदाराने दिलं नाही. वासुदेवाने गाणं उधार दिलं. आता मला सांगा, यात देणारा कोण आणि घेणारा कोण?

तर त्या चार दिवसांत मी तीन तऱ्हेची गाणी ऐकली. भजनवाले स्वतःसाठी आणि देवासाठी गात होते. आंधळा गायक पोटासाठी गात होता आणि त्याने ते लपवलं नव्हतं. त्याला देणं बरोबर होतं. आणि तारपावाला आपल्या माणसांसाठी, आपल्या भातासाठी वाजवत होता. इस्त्रीचे शर्ट घालून डब्यात गाणाऱ्यांना पैसे द्यायचं माझ्या स्वप्नातही आलं नाही. त्यांच्यात आणि या माणसात फरक काय होता? हा जमिनीवर बसला होता. कपडे मळके होते. एवढ्यावर मी ठरवलं की हा मागणारा. त्याला विचारलंसुद्धा नाही.

असं न विचारता ठरवणं म्हणजे काय, हे मला दुसऱ्या बाजूने चांगलं ठाऊक आहे. रात्रभर जागून नेलेली कोथिंबीर मी पुढ्यात घेऊन बसायचो, आणि एखादा बूट घातलेला माणूस पायानेच जुडी उलटी करून म्हणायचा, "ठेव, देऊन टाकतो काहीतरी." त्या 'काहीतरी'ने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझ्या मालाची किंमत काय, याहून माझी किंमत काय, हे तो एका शब्दात सांगून जायचा. त्या स्कायवॉकवर माझी दहाची नोट म्हणजे तेच 'काहीतरी' होतं.

आता ते राहिलेलं सांगतो. मी तारपा कसा ओळखला ते.

आमच्याकडं कांदा लागवडीला आदिवासी भागातून टोळ्या येतात. मोखाडा, जव्हारकडनंही आलेल्या आहेत. सात-आठ वर्षांपूर्वी अशीच एक टोळी माझ्याकडं बारा-तेरा दिवस राहिली. गोठ्याशेजारच्या पडवीत त्यांचा मुक्काम. त्यांच्यात एक वयस्क गडी होता, त्याच्याजवळ फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. दुसऱ्या रात्री जेवणं झाल्यावर त्याने ते काढलं. मी ओट्यावरून बघत होतो. भोपळा, बांबूच्या नळ्या, सांध्यांना काळं मेण, ताडपानांचा कर्णा. तो मधोमध उभा राहिला, आणि बाया-गडी एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती फिरायला लागले.

त्या वर्षी आधीच्या कांद्याचे पैसे झाले नव्हते. डोकं फिरलेलं होतं. मी ओट्यावरून ओरडलो, "ए, बंद करा ते! सकाळी सहाला वाफ्यात उतरायचंय!"

सूर तिथल्या तिथं तुटला. आधी सूर थांबला, मग अंधारात पावलं थांबल्याचं ऐकू आलं. कोणी काही बोललं नाही. सकाळी सहाला सगळे वाफ्यात हजर. रोपं सुरेख लावली. जाताना मी ठरल्याप्रमाणे एकूण एक पैसा दिला, वर पोरांना खाऊ दिला. हिशेबात मी कुठंच कमी पडलो नाही. पण उरलेल्या दहा-अकरा रात्रींत तो तारपा पुन्हा वाजला नाही. मंडळी तेव्हा एकदाच म्हणाल्या, "वाजवू द्यायचं होतं. आपलं काय जात होतं?" मी उत्तर दिलं नाही.

स्कायवॉकवरचा माणूस तो नव्हे. तो वेगळा, हा वेगळा. पण नोट काढताना माझ्या मनात तोच होता, हे मी आज कबूल करतो. माझ्या दारात ज्याला गप्प केलं, त्याचं देणं मी रस्त्यावर दुसऱ्याच कोणाला दहा रुपयांत फेडायला निघालो होतो. नोट परत आली यात नवल काय? देणं एकाचं, भरणा दुसऱ्याकडं, असं कोणत्याच सोसायटीत चालत नाही.

माझ्या सुनेच्या घरी हॉलमध्ये वारली चित्राची मोठी फ्रेम आहे. पांढऱ्या रंगात काड्यांसारखी माणसं गोल करून नाचताहेत आणि मध्ये एकजण लांब वाद्य फुंकतोय. तोच तारपावाला. ती फ्रेम मी दहा वेळा पाहिली असेल, पण तो माणूस कधी दिसला नव्हता. डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं कुडाच्या भिंतींवरून कागदावर आणली, जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडांच्या तारप्याचा तर म्हातारपणी सरकारने सन्मान केला. हे सगळं चांगलंच झालं. पण सन्मान झालेल्याला आपण ओळखतो, फ्रेममधल्याला भिंतीवर टांगतो, आणि तोच फावडं घेऊन पुलावर बसला की त्याच्यापुढं नाणं टाकतो. वाफ्यात असला तर त्याला गप्प करतो.

त्यांच्यात म्हणे नाचताना तारप्याला पाठ दाखवत नाहीत. त्या संध्याकाळी कल्याणच्या पुलावर हजार माणसांनी त्याला पाठ दाखवली असेल. त्यात एक माझी.

मग द्यायला काय हवं होतं? यावर मी बराच विचार केला. जो मागतो त्याला द्यावं, आणि घासाघीस करू नये. जो काम करतो त्याला दाम द्यावा, वेळेवर द्यावा. ज्याचा वाटा आहे त्याचा वाटा दारात यायच्या आधी काढून ठेवावा. पण यातलं काहीच न मागता जो आपलं सुख आपल्या माणसांत वाजवत बसलाय, त्याला द्यायला आपल्याजवळ एकच गोष्ट असते. थांबणं. थांबावं, ऐकावं, आणि त्याच्या सुरात आपला आवाज घालू नये. यात खिशाला हात घालावा लागत नाही. म्हणूनच ते जमत नाही. दहा रुपये देऊन पुढं जाता येतं, थांबून पुढं जाता येत नाही.

ती नोट मी जपून वगैरे ठेवली नाही. घाटाच्या अलीकडं बस थांबली तेव्हा तिचे शेंगदाणे घेतले.

महिन्याभराने कांदा लागवडीला टोळी आली. यंदाची पोरं तरणी. पडवीत उतरली. रात्री जेवणं झाल्यावर मी मुद्दाम काठी टेकत तिकडं गेलो. कोणाजवळ तारपा नव्हता. विचारलं तर एकजण म्हणाला, "आमच्या आज्याला येत होता." एका पोराने मोबाईलवर कसलंसं धांगडधिंग्याचं गाणं लावलं होतं. मला बघून तो दचकून उठला.

"आवाज बारीक करू का, शेठ?"

गाणं मला बिलकूल आवडलं नव्हतं. मी खाट ओढली आणि बसलो. म्हटलं, "मोठा कर. इथवर ऐकू येत नाही."